एका टायमाले एकच

१ जुलै २०२४ ला सोमवार होता. सकाळचे आठ वाजायच्या आत आमच्या छपरीत १४ बाया येऊन बसल्या होत्या. लाडकी बहीण योजनेचे अर्ज त्या दिवसापासून घेणार होते आणि उत्पन्नाचा दाखला लागतो ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली होती. खरिपाच्या पीक विम्याचं कामही अंगावर होतंच. शेतकऱ्यानं १ रुपया भरायचा आणि अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून माझ्यासारख्या सेवा केंद्राला मिळायचे, असा त्या वर्षीचा हिशोब होता. पुढे दोन्हींची मुदत वाढली, पण त्या सकाळी ते कोणाला माहीत होतं? कोणी सरकी लावायचं काम सोडून आली होती, कोणी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून.

मी लॅपटॉपचं बटण दाबलं. पांढरा दिवा लागला, पंखा घरघरला, स्क्रीन काळीच. थोड्या वेळानं सगळं गप्प. पुन्हा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा कंपनीचं चिन्ह उमटलं, खाली ठिपक्यांचं चक्र फिरायला लागलं आणि बाया सावरून बसल्या. चक्र फिरतच राहिलं. मग काळ्या पडद्यावर ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ ही ओळ आली, मग ‘डायग्नोझिंग युवर पीसी’, आणि मग लॅपटॉप स्वतःच बंद होऊन स्वतःच सुरू झाला, पुन्हा त्याच ओळीवर यायला.

दहा वाजता मी सगळ्यांना घरी पाठवलं. एकही बाई रागावली नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. घरातच माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, विम्याचे अर्ज, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं त्या एका लॅपटॉपवर. तो २०१८ साली घेतलेला. ४ जीबी मेमरी, आत फिरणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क. बॅटरी आदल्या दिवाळीतच गेली होती. अ‍ॅडॉप्टर लावला तरच चालायचा, आणि लाईन गेली की वायर उपटावी तसा जागच्या जागी बंद पडायचा. नव्या बॅटरीचे २,८०० रुपये सांगितले होते. कापूस विकला की घेऊ, असं आम्ही ठरवलं होतं.

बिघाड त्या दिवसाचा नव्हता. होळीपासून त्याचं सुरू होतं. कधी पहिल्याच बटणाला उठायचा, कधी तिसऱ्याला. सकाळी बरा असायचा आणि दुपारी काम करता करता मरायचा. एकदा सलग नऊ दिवस काहीच झालं नाही आणि मला वाटलं, गेलं ते दुखणं. जे यंत्र रोज बंद पडतं त्याचा माणूस काहीतरी उपाय करतो. जे कधीकधी बंद पडतं त्याच्याशी तो जुळवून घेतो. मीही घेतलं. बटण दाबण्याआधी अ‍ॅडॉप्टर काढून लावायचा, एक मिनिट थांबायचं, झाकण थोडं मागे करायचं. कशानं चालू होतो ते मला कळत नव्हतं, म्हणून चालू झाला त्या दिवशी केलेलं सगळंच मी दुसऱ्या दिवशी करत होते.

हे माझ्या सासऱ्यांनी ओळखलं. त्यांना मी मामाजी म्हणते. वय ७६, शिक्षण चौथीपर्यंत. तरुणपणी विहिरीवर हँडल मारून सुरू करायचं डिझेल इंजिन होतं, ते तेच खोलायचे. वीज आल्यावर मोटर आली आणि ते मोटरीकडे वळले. गावातल्या निम्म्या विहिरींवरचे स्टार्टर त्यांनी खोलून पाहिलेले आहेत, पैसे कोणाकडूनच घेतले नाहीत. त्यांच्याजवळ एक सिरीज बल्ब आहे: लाकडी पट्टीवर होल्डर, त्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब आणि दोन मोकळी टोकं. मोटरीच्या वाइंडिंगला ती टोकं लावली की बल्ब किती पेटतो त्यावरून आत तार तुटली की जळली ते ते सांगतात. आणि एक लाल पुठ्ठ्याची लांब वही आहे. तिच्यात चार रकाने पाडलेले: तारीख, काय झालं, काय केलं, कारण. पहिली नोंद १९८४ ची आहे.

बाया गेल्यावर ते खाटेवरून म्हणाले, “बाई, तू रोज त्याले काय काय करतं ते मी पाह्यतो. चार गोष्टी एकदम करतं. मंग चाल्लं तं कशानं चाल्लं, हे तुले कसं समजन?”

मी म्हटलं, “मामाजी, लोकं बसून राह्यतात. चालू होणं महत्त्वाचं.”

“हो न. पण एका टायमाले एकच गोष्ट बदलायची. अन् ते लिवून ठेवायचं.”

मी तेव्हा ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घातला आणि वर्ध्याला गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली, तिच्यात बसायची ती माझी पहिलीच वेळ. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा हा पहिला तुकडा, सुमारे ४० किलोमीटरचा, आणि आमच्याकडच्या लोकांनी त्याची किती वर्षं वाट पाहिली ते आमचं आम्हाला माहीत. खिडकीतून नुकत्याच पेरलेल्या काळ्या जमिनी दिसत होत्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसले होते, आजारी पोराला दवाखान्यात नेतात तशी.

दुकानातल्या मुलानं बटण दाबलं. काळा पडदा पाहिला. झाकण न उघडता म्हणाला, “मदरबोर्ड गेला मॅडम. नऊ हजार लागतील, नाहीतर नवा घ्या.” मी म्हटलं, कधीकधी चालू होतो. तो म्हणाला, “तसंच होते मदरबोर्ड जाताना.” त्याच्याकडे गर्दी होती आणि त्याच्यावर मी रागावलेली नाही. पण नऊ हजार सांगण्याआधी निदान एक स्क्रू तरी उघडून पाहायला हवा होता, हे मला आजही वाटतं. ज्या माणसाला यंत्रातलं कळत नाही त्याला ‘बोर्ड गेला’ हे वाक्य सांगणं फार सोपं असतं, कारण त्यापुढे तो काही विचारूच शकत नाही. आमच्याकडे मोटरीवाल्यालाही लोक असंच ऐकून घेतात: ‘जळाली.’ मग रिवाइंडिंगचे पैसे देतात, आणि कधीकधी नुसता फ्यूजच गेलेला असतो.

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मामाजींनी विचारलं, काय म्हणे तो? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “खोलून पाह्यलं त्यानं?”

“नाही.”

“मंग त्याले कसं समजलं?”

त्या रात्री आम्ही दोघं बसलो. नवरा टॉर्च धरून उभा, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारात. आधी मामाजींनी मला एक प्रश्न विचारला, आणि पुढचं सगळं काम त्या प्रश्नावर झालं. “हे रोज एकाच जागी मरते का येगयेगळ्या जागी?”

मी कधी असं पाहिलंच नव्हतं. माझ्यासाठी दोनच अवस्था होत्या, चालू आणि बंद. ते म्हणाले, “मोटर उठलीच नाही हा एक रोग. मोटर उठली पण पाणी नाही आलं, हा दुसरा. पह्यल्यात स्टार्टर पाह्यचा. दुसऱ्यात स्टार्टरले हात लावायचा नाही, विहिरीत पाह्यचं.”

मग मी आठवून लिहायला बसले. काळा पडदा आणि गप्प, हे एक. चिन्ह येऊन दुरुस्तीच्या चक्रात अडकणं, हे दुसरं. दुपारी काम करता करता बंद पडणं, हे तिसरं. तारीख चुकीची दाखवणं, हे चौथं. रात्रभर लाईन नसली की सकाळी लॅपटॉप कित्येक वर्षं मागे गेलेला असायचा आणि एकही सरकारी साइट उघडायची नाही. ‘लॅपटॉप खराब झाला’ या एका वाक्यात मी हे सगळं तीन महिने कोंबून ठेवलं होतं.

संगणक सुरू होणं म्हणजे काय, ते मला नागपूरला शिकणाऱ्या भाच्यानं फोनवर समजावलं. बटण दाबल्यावर मशीनच्या मेमरीत काहीच नसतं. तिला कोणतंही काम करायला आधी प्रोग्रॅम हवा, आणि तो डिस्कवरून वाचून आणायचा, तर वाचायचं कसं हे सांगणाराही प्रोग्रॅमच हवा. म्हणून बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये थोडंसं कायमचं लिहून ठेवलेलं असतं. ते जागं होतं, मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतं, मग डिस्कवरचा एक लहानसा प्रोग्रॅम शोधतं. जुन्या पद्धतीत तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये बसवावा लागे, नव्यात त्याला वेगळा छोटा कप्पा असतो. तो लहान प्रोग्रॅम मोठ्याला उठवतो, मोठा विंडोजला. इंग्रजीत याला बूट होणं म्हणतात ते बुटाच्या पट्टीवरून: आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलायचं, अशी ती कल्पना.

मामाजींना मी हे सांगितलं. बुटाचं त्यांना पटलं नाही. ते म्हणाले, “हे तं मोटरीत पाणी भरणं झालं.”

आणि खरंच तेच आहे. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप कोरडा असेल तर पाणी ओढू शकत नाही. आधी त्याच्यात वरून पाणी ओतावं लागतं, नळीतली हवा जाऊ द्यावी लागते, तेव्हा कुठे तो खालचं पाणी वर आणतो. पाणी आणायला आधी पाणी लागतं. आणि रोज ओतावं लागू नये म्हणून पाइपाच्या तळाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह. आमच्याकडे सगळे तिला फुटबॉल म्हणतात. ती नीट बसली तर पंप बंद असतानाही पाइपात पाणी उभं राहतं. तिच्यात कचरा अडकला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटर नुसतीच फिरते.

मला त्या क्षणी तारखेचं कोडं सुटलं. लॅपटॉपमध्येही फुटबॉल असतो. बोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, ३ व्होल्टचा, बहुतेक सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला आणि लाईनही नसली तर मशीन तारीख विसरतं. आणि साइट उघडत नव्हत्या त्या याच कारणानं: प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि माझ्या लॅपटॉपच्या हिशोबानं ती प्रमाणपत्रं अजून तयारच झालेली नव्हती. मी मात्र तीन महिने नेटवाल्याला फोन करत होते.

पण सेल संपल्यानं पडदा काळा राहत नव्हता. एका टायमाले एकच. आधी काळा पडदा घेतला.

अ‍ॅडॉप्टर काढला, मेलेली बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, आत साठलेली वीज निघून जाते म्हणून. पुन्हा लावून पाहिलं, फरक नाही. लिहिलं. पडदा काळा असताना कॅप्सलॉकचा दिवा ठरावीक वेळा उघडझाप करतो हे मामाजींनी पाहिलं, मी नाही. कंपनीनुसार त्या उघडझापेचा अर्थ वेगवेगळा असतो. आमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत तो मेमरीकडे बोट दाखवत होता.

मग मागचं झाकण उघडलं. अकरा स्क्रू, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं परातीत मांडलेले.

आत कापूस होता.

पंख्याच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर जाते त्या पातळ पात्यांवर, राखी रंगाचा जाड नमदा बसला होता. नखानं उचलला तर अख्खा एक तुकडा निघाला, जसं काही कोणी पिंजून, थापून बसवलं असावं. आत्याबाईंनी तो हातात घेतला आणि काहीच न बोलता आत नेला.

आमच्या पुढच्या खोलीत डिसेंबर ते जून कापूस भरलेला होता, सुमारे २० क्विंटल. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला होता आणि त्या भावाची आठवण गावातल्या प्रत्येक घरात होती. २०२३-२४ चा हमीभाव लांब धाग्याला ७,०२० रुपये, आणि व्यापारी त्याच्याही खाली मागत होते. म्हणून थांबलो. ज्यांनी कापूस घरात ठेवला आहे त्यांना माहीत आहे, सहा महिने माणसं त्याच्यावर चढून झोपतात, अंगाला खाज सुटते, पोरांना रात्र रात्र झोप नसते. कापसाचं तूस हवेत असतंच, भाकरीवरसुद्धा बसतं. माझं टेबल त्याच खोलीच्या दाराशी होतं. लॅपटॉपचा पंखा सहा महिने ती हवा ओढत होता.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. त्यात पंख्याला वाट नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच मशीन बंद करतो. दुपारचं मरणं ते होतं. ते त्याचं शहाणपण होतं आणि मी दर वेळी बटण दाबून त्याला पुन्हा उन्हात उभं करत होते.

पंखा साफ केला. मेमरीची पट्टी काढली. तिची सोनेरी बोटं काळवंडलेली होती आणि खाचेतही तूस. पहिल्या पावसाची ओल त्यावर बसलेली. मुलाचं खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासलं, कोरड्या ब्रशनं खाच झाडली, पट्टी बसवली, टक् असा आवाज येईपर्यंत. बटण दाबलं. पहिल्याच खेपेला चिन्ह आलं. दहा वेळा बंद करून चालू केलं, दहाही वेळा आलं.

आणि दहाही वेळा ते दुरुस्तीच्या चक्रात जाऊन अडकलं.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. हे पान मी मुख्यतः तिच्यासाठी लिहायला घेतलं. एप्रिलमध्ये याच भाच्यानं दिवाणखान्यात बसून मेमरीची पट्टी काढून बदलून पाहिली होती. तेव्हाही चिन्ह आलं होतं. पण विंडोज आलं नाही, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की मेमरीचा दोष नाही, आणि जुनी पट्टी होती तशी परत लावून टाकली. उपाय बरोबर होता. आमच्या हातात आला होता. पण रोग दोन होते, आणि एक बरा झाल्यावर दुसरा तसाच राहिला म्हणून आम्ही पहिलाही परत लावून घेतला. मोजायचं होतं ते हे, की कालच्यापेक्षा आज कुठपर्यंत आलं. आम्ही फक्त पोचलं की नाही एवढंच पाहत होतो.

मामाजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही मागितली आणि १९९७ चं पान काढलं. एका शेजाऱ्याच्या विहिरीवर चार दिवस मोटर चालत नव्हती. फ्यूजची तार बदलली, मोटर नाही उठली. कपॅसिटर बदलला, नाही उठली. दोन्ही गेलेले होते, आणि एक बदलताना ते दुसरं जुनंच परत बसवत होते. “चार दिवस. पाण्याबिना त्याची केळ वायली,” ते म्हणाले. “तवापासून मी काय करतो, नवं चांगलं असन तं ते तसंच राहू देतो. जुनं वापस लावत नाही. एका टायमाले एकच बदलायचं, पण बदललेलं मागं नाही घ्यायचं.”

आता राहिला दुसरा रोग.

भाच्यानं एका पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, टाकून दिलं, नागपूरहून येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती. सुरू होताना एक ठरावीक बटण दाबलं की कशावरून सुरू व्हायचं ते मशीन विचारतं. मी पेन ड्राइव्ह निवडला. तीन-चार मिनिटांत समोर स्वच्छ, हिरवट रंगाचा पडदा आला, माउस हलला, आवाजही आला. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कला हातही न लावता सगळं यंत्र चाललं. नऊ हजारांचा तो बोर्ड ठणठणीत होता.

मामाजी म्हणाले, “डायरेक्ट जोडली म्हण.” स्टार्टर बाजूला ठेवून मोटर क्षणभर सरळ लाईनवर जोडतात. फिरली तर मोटर चांगली, दोष स्टार्टरमध्ये. माझ्या लेखी त्या रात्रीचं सगळ्यात मोठं समाधान ते वाक्य होतं, कारण मला जे पटवून घ्यायला भाच्याचे तीन फोन लागले ते त्यांना आधीच माहीत होतं.

दोष डिस्कमध्ये. फिरणाऱ्या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं टोक तरंगतं. लिहिता लिहिता लाईन गेली की अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं, आणि टोकाला घाईनं आपल्या जागी परतावं लागतं. बॅटरी असती तर लॅपटॉपला लाईन गेल्याचं कळलंही नसतं. दिवाळी ते जून, दिवसातून सहा-सात वेळा, असं मी धरलं तर हजाराच्या वर वेळा त्या डिस्कला तो धक्का बसला होता.

मी कान लावून बसले तर आत बारीक टक्-टक् येत होतं. मामाजींनी स्क्रूड्रायव्हर आणला. टोक डिस्कच्या कडेला टेकवलं, मूठ कानाला लावली. मोटरीचं बेअरिंग ते असंच ऐकतात. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, “बेअरिंग नाही. बेअरिंग असतं तं सारखं वाजलं असतं. हे काहीतरी जाते, सापडत नाही, वापस येते. पुन्हा जाते.”

मी भाच्याला फोन केला, जसंच्या तसं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आजोबांना सांग, बरोबर आहे. टोक जागा शोधायला जाते, वाचता येत नाही, घरी परत येते.” आणि लगेच घाईनं म्हणाला, “मामी, आता दुरुस्ती-बिरुस्ती काही चालवू नको. आधी कॉपी कर.”

हे मला कोणी तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगते. ती आपोआप दुरुस्तीची ओळ रात्र रात्र चालू ठेवून मी झोपत होते, सकाळी बरं होईल या आशेनं. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणं म्हणजे पाय मोडलेल्या बैलाला चालवून पाहणं. वाचता येतं तोवर आधी आपलं काढून घ्यायचं, बाकी सगळं नंतर.

रात्री साडेअकरापासून पहाटे चारपर्यंत कॉपी चालली. इन्व्हर्टरवर. मामाजींनी त्याच्या मागची कळ ‘यूपीएस’कडे फिरवून दिली होती, म्हणजे लाईन गेली तर बदल इतक्या झटकन होतो की मशीनला कळत नाही. (ती कळ आमच्याकडे एरवी कोणी तिकडे ठेवत नाही, कारण व्होल्टेज जरा कमी झालं की तो इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि ती उतरून जाते.) आधी चालू कामं, मग विम्याच्या पावत्या, मग घरचे फोटो. काही फायलींवर येऊन डिस्क दोन-दोन मिनिटं अडायची, टक्-टक् करायची, आणि मी श्वास धरून बसायची. मुलाच्या बारशाचा एक फोल्डर गेला. बाकी जवळजवळ सगळं आलं.

लोकांच्या आधारच्या, पासबुकांच्या जुन्या प्रती समोर आल्या तेव्हा मी थांबले. सहा वर्षांत किती साचल्या होत्या. काम झाल्यावर त्या ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं, लागतील कधी, म्हणून राहिल्या. त्या मी कॉपी केल्या नाहीत. आणि ती जुनी डिस्क भंगारवाल्याला दिली नाही. ती गोदरेजच्या कपाटात कुलपात आहे. गावानं विश्वासानं टेबलावर ठेवलेले कागद कोणाच्या पोत्यातून जाऊ देणं मला जमणार नाही.

पुढचं भराभर झालं. फिरता भाग नसलेली नवी डिस्क, २५६ जीबीची, भाच्यानं नागपूरला सीताबर्डीतून आणली, दोन हजारांच्या आत. नाण्याएवढा सेल कळंबमध्येच मिळाला. बॅटरी या वेळी उधारीवर घेतली. विंडोज नव्यानं टाकलं. लॅपटॉपच्या कडेला हात लावला की मुंग्या यायच्या, त्यावरून मामाजींनी अर्थिंग पाहिलं. खड्डा कोरडा पडला होता. मीठ-कोळसा नव्यानं भरून त्यांनी त्याच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. मुंग्या थांबल्या. मी टेबल खोलीच्या दारापासून उचलून छपरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

९ जुलैला सकाळी आठला बाया आल्या. बटण दाबल्यापासून विंडोज येईपर्यंत मी मनात आकडे मोजले, एकोणीस झाले. तोवर पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय भागेल असं सांगून आलं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी परत गेलेल्यांपैकी कोणाचं अडलं नाही. पण एक बाई दोन मैल चालून दुसऱ्या गावी गेली होती आणि तिथे दिवसभर बसली होती. तिनं मला ते सहज सांगितलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुमी काय कराल ताई, मशीनच ते.”

त्या रात्री मामाजींनी लाल वही काढायला सांगितली. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून म्हणाले, लिव तू. मी तारीख टाकली. काय झालं, लिहिलं. काय केलं, तेही सगळं लिहिलं, खोडरबरापासून अर्थिंगपर्यंत. चार ओळी झाल्या.

“कारण?” मी विचारलं. “दोन लिहू का? एक तूस, दुसरं बॅटरी नव्हती ते.”

“तूस कोठून आलं?”

“कापूस घरात होता म्हणून.”

“बॅटरी काऊन नव्हती?”

“कापूस विकला नव्हता म्हणून.”

ते खाटेवर थोडे सरकले. बाहेर पाऊस लागला होता आणि रिकाम्या पुढच्या खोलीत पोरं पहिल्यांदाच पसरून झोपली होती.

“मंग एकच लिव,” ते म्हणाले.

चौथ्या रकान्यात मी लिहिलं: कापसाले भाव नव्हता.